दहा मिनिटांची वही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



रौप्यमहोत्सवात व्याख्यान म्हटलं की विषय ठरलेले असतात. ताणतणाव, मधुमेह, नाहीतर मुलांचं करिअर. मलाही वाटलं होतं, शाळेतली बाई म्हणून 'मुलांचा अभ्यास' हाच विषय मिळणार. पण सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्या चित्रांच्या वह्यांवर बोला. संसार, नोकरी, आजारपणं सगळं करून तुम्हाला वेळ कसा मिळतो, तेवढं सांगा."

आधीच सांगते, मी चित्रकार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. माझं एकही चित्र कुठल्या प्रदर्शनात लागलेलं नाही आणि लागावं असंही काही नाही. फक्त घरात वह्यांचा एक गठ्ठा आहे. त्यात आपल्या कळमनुरीचा परिसर आहे, मला दिसला तसा. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते कलेबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त आहे.

वेळ कसा मिळतो? खरं सांगायचं तर मिळत नाही. 'रिटायर झाल्यावर करू' म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. रिटायर झाल्यावर नातवंडं येतात, गुडघे येतात, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या दवाखान्याच्या खेपा येतात. मोकळी दुपार अशी काही येत नाही. पण एक गोष्ट आपल्या सगळ्यांकडं भरपूर असते, ती म्हणजे वाट बघणं. एस.टी.ची वाट, नळाच्या पाण्याची वाट, डॉक्टरकडं नंबर लागायची वाट, बँकेत छपाई यंत्र सुरू व्हायची वाट, ट्यूशनमधून लेकरू बाहेर यायची वाट. दिवसभराची ही सगळी वाट एकत्र केली तर तास-दीड तास सहज होईल. पण ती एकत्र कधी होत नाही. पाच मिनिटं इथं, दहा मिनिटं तिथं, अशी सांडलेली असते. मी एवढंच केलं, पर्समध्ये एक छोटी कोरी वही आणि एक पेन्सिल ठेवली, आणि सांडलेली ती दहा मिनिटं उचलत गेले.

नोकरीच्या काळात मी रोज एस.टी.नं खेड्यातल्या शाळेत जायची. फाट्यावर उभं राहावं लागायचं. उभ्या उभ्याच पहिली वही भरली. दहा मिनिटांत काय होतं? एक आडवी रेघ ओढायची, जिथं जमीन संपते आणि आभाळ लागतं तिथं. त्या रेघेच्या वर काय आहे, खाली काय आहे, ते ठरवायचं. एखादं झाड, एखादी बैलगाडी, विजेचा खांब. बस आली की वही बंद. चित्र अर्धं राहिलं तर राहू द्यायचं. खाली तारीख, जागा आणि वेळ मात्र नक्की लिहायची. ही सवय फार मोठ्या माणसालाही होती. कॉन्स्टेबल नावाचे इंग्रज चित्रकार होऊन गेले. त्यांनी १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे कितीतरी अभ्यास केले, आणि कागदामागं तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते लिहून ठेवलं. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडं मृग लागला की प्रत्येक शेतकरी करतो! आभाळ बघतो, वारा बघतो. फक्त कागदावर उतरवत नाही.

आता दुसरा प्रश्न. मला नेहमी विचारतात, "बाई, इथं आहे काय काढण्यासारखं? महाबळेश्वर असतं, कोकण असतं तर गोष्ट वेगळी."

मी तेहतीस वर्षं लेकरांची चित्रं बघितली आहेत. 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की आपलं लेकरू काय काढतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून येणारी निळी नदी, नदीकाठी कौलारू झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचं झाड. कळमनुरी तालुक्यातलं लेकरू! त्यानं ना असे डोंगर बघितलेत, ना अंगणात नारळ. पण निसर्ग म्हणजे दुसरीकडं कुठंतरी असतो, हे त्याच्या मनात आपणच बसवलं. एकदा मी तिसरीच्या वर्गाला शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, इथून जे दिसतं तेवढंच काढा. डोंगर काढायचा नाही, सूर्य काढायचा नाही. थोडा वेळ सगळे नुसते बसून राहिले. मग एका मुलानं विजेचा खांब काढला, त्याच्या तारा काढल्या, आणि खाली पिवळ्या रंगाचा मोठा ठिपका काढला. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "आमची हळद हाय ना बाई, वाळू घातलेली." मी समोर बघितलं तर खरंच, खळ्यावर शिजवलेली हळद पसरली होती. मी त्या ओट्यावर रोज उभी राहायची.

म्हणून सांगते, आपल्याकडं काढण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते ओरडून सांगत नाही. काळी जमीन घ्या. काळी म्हणतो, पण काळा रंग घेऊन ती काढता येत नाही, मेल्यासारखी दिसते. निळ्यात थोडा तांबूस तपकिरी मिसळला की आपल्या मातीचा रंग येतो. पाऊस पडून गेला की त्यात निळा जास्त, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तपकिरी जास्त. दिवाळीनंतर तुरीला फुलं येतात तेव्हा शेताच्या वरच्या अंगाला पिवळी झाक दिसते. फाल्गुनात पळस पेटतो, तेव्हा त्याला पान नसतं, म्हणून काढायला सोपा. माघ-फाल्गुनात हळद शिजते, त्या वाफेत माणसं धूसर दिसतात. कयाधू आपल्या तालुक्यातून जाते आणि पुढं पैनगंगेला मिळते. पावसाळ्यातली कयाधू आणि चैत्रातली कयाधू एकाच कागदावर शेजारी शेजारी काढून बघा. आणि हिवाळ्यात इसापूरच्या धरणावर पक्षी उतरतात, तेव्हा सहल म्हणून जातोच आपण. डबा खाऊन झाल्यावर दहा मिनिटं द्या.

कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, सुवर्णपदक मिळवलं आणि परत कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते वारले. त्यांनी गावातल्याच कोटितीर्थ तळ्याची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. तेच पाणी, तीच झाडं, पण सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. जगात काढण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून नव्हे. रोज बघितलं तर एकच तळं संपत नाही, म्हणून.

आता थोडं घरातलं बोलते. इथं बसलेल्या बायकांना ते कळेल.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याच गडबडीत आपल्या सोसायटीचे प्लॉट पडले आणि पाठोपाठ आम्ही घर बांधलं. समोरचा रस्ता तेव्हा मुरमाचा होता. रस्त्यापलीकडं शेत, शेतात विहीर, विहिरीवर वाकलेली एक जुनी बाभूळ. जुन्या सभासदांना आठवत असेल. काही वर्षांनी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तीन वर्षं. पलंग खिडकीपाशीच ठेवला होता, पण खिडकी उंच आणि त्यांना उठून बसता येत नव्हतं. त्यांना फक्त आभाळाचा तुकडा दिसायचा. त्यांचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं.

दुपारी औषध दिलं की मी खिडकीत उभी राहून दहा मिनिटं बाहेरचं चित्र काढायची आणि वही त्यांच्यासमोर धरायची. सुरुवातीला त्या नुसतं "बरं हाय" म्हणायच्या. मग विचारायला लागल्या. "कापूस फुटला का? वेचायला कोण आलंय? बाभळीला खोपे लागले असतील आता, नीट बघ." मी बघितलं तर खरंच, विहिरीच्या अंगाला झुकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकत होते. त्या म्हणाल्या, "पाण्यावरच बांधतेत त्ये. साप येत नाही म्हणून. आणि नर बांधतो बरं का, मादी नुसती बघून पसंत करते." त्यांना खिडकीतून काही दिसत नव्हतं आणि काय बघायचं ते मला त्या सांगत होत्या.

त्या काळात आल्या-गेल्यांनी मला ऐकवलं, सासू अंथरुणाला अन् सून चित्रं काढत बसते. मी वाद घातला नाही. पण एक गोष्ट आज सांगते. आपलं औंढा नागनाथ नव्हे, सातारा जिल्ह्यात औंध नावाचं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रं काढायचे. त्यांनी १९३८ साली औंधला चित्रांचं संग्रहालय उभं केलं. इंग्लंडचे चर्चिल १९१५ साली मंत्रिपद गेलं तेव्हा चाळिशीत पहिल्यांदा ब्रश हातात घेऊन बसले, आणि पुढं महायुद्धाचे पंतप्रधान झाले तरी त्यांनी तो सोडला नाही. आपले सिनेनट चंद्रकांत मांडरे यांनी अभिनयाबरोबर निसर्गचित्रं केली, त्यांचं संग्रहालय कोल्हापुरात आहे. या सगळ्यांबद्दल आपण कौतुकानं म्हणतो, एवढ्या व्यापातून वेळ काढला! घरातल्या बाईनं दहा मिनिटं काढली की म्हणतो, हिला काम नाही. व्याप तिलाही असतो. तिच्या व्यापाला फक्त नाव नसतं.

तिसऱ्या वर्षी समोरच्या शेतात दगड रोवले गेले. मी जे दिसलं ते काढलं. सासूबाईंनी बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "प्लॉटचे दगड." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाभूळ काढून ठेव. तोडायच्या आत." मी आठ दिवस रोज तीच बाभूळ काढली. खोड, फांद्या, खोपे, विहिरीचा काठ. नवव्या दिवशी मशीन आलं. विहीर बुजली, बाभूळ गेली. त्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या.

तिथं आज जी घरं आहेत त्यात आपलीच माणसं राहतात, आपल्यासारखीच, कर्ज काढून बांधलेली. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपली घरं बांधली तेव्हाही कुणाचं तरी शेत गेलंच होतं. पण त्या वहीतली आठ पानं सोडली तर तिथं बाभूळ होती याचा कुठंही कागद नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, सुगरणीच्या खोप्यांची नसते. मागच्या वर्षी त्या घरातली एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी माझ्याकडं आली. तिला ती पानं दाखवली. ती म्हणाली, "आजी, म्हणजे आमचं किचन विहिरीवर आहे?" तेव्हापासून ती रोज काहीतरी काढून आणते.

लेकरांच्या आईवडिलांना एक विनंती. आपल्याकडं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलं उत्साहानं बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून तर नक्कीच. गुण मिळाले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. ती खाली काढा. त्यातले रंग वाळले असतील तरी पाणी टाकलं की केक रंग पुन्हा चालतात. कॅमलची ती पेटी आपल्या महाराष्ट्रातलीच, दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या उद्योगाची. मोठ्यांनी ती वापरली तरी चालते, कुणी गुण कापत नाही.

साहित्य फार लागत नाही. टू बी पेन्सिल, न रेघांची वही, थोडा जाड कागद. रंग करायचा असेल तर सहा केक पुरेत. पाण्याला औषधाची रिकामी बाटली, ब्रश पुसायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. खोडरबर घरी ठेवून जा. तो असला की दहातली सात मिनिटं पुसण्यात जातात. डोळे बारीक करून समोर बघा, म्हणजे बारकावे जातात आणि उजेड-सावली तेवढी उरते. आधी सगळ्यात गडद जागा कुठली ते शोधा. आपल्याकडच्या हवेचं तंत्र मात्र सांभाळावं लागतं. वैशाखात दुपारी रंग लावायला बसलात तर ब्रश उचलायच्या आत पहिला हात वाळतो आणि कडा पडते. म्हणून सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. श्रावणात उलटं, कागद वाळतच नाही, तेव्हा नुसती पेन्सिल बरी.

कुणी म्हणेल, मोबाईलवर फोटो काढला की झालं. फोटो जरूर काढा. पण माझ्या मोबाईलमधले फोटो मी परत बघत नाही, आणि दहा मिनिटं ज्या झाडाकडं बघितलं ते झाड मला आजही डोळे मिटून सांगता येतं. किती फांद्या, कुठल्या बाजूला झुकलेलं.

आणखी एक गंमत सांगते. रस्त्याकडेला बाई वही घेऊन बसली की लोकांना वाटतं मोजणीवाली आली. एकदा एक म्हातारे बाबा काठी टेकत आले. "काय लिहून घ्यायलात, बाई? रस्ता मोठा होणार हाय का? आमचं किती जाणार?" चेहऱ्यावर खरी काळजी. मी वही दाखवली. त्यांनी स्वतःचं शेत बघितलं, गोठा बघितला, आणि खाली बसले. म्हणाले, "मग बैल का सोडला? त्याला घ्या की." मी बैल घेतला. त्यांच्या शेतावर कागद घेऊन आलेलं माणूस काही घेऊन न जाता परत गेलं, असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं.

शहरांमध्ये आता असे गट आहेत. अमेरिकेतल्या सिएटलच्या एका पत्रकारानं २००७ साली 'अर्बन स्केचर्स' म्हणून सुरुवात केली. आपलं गाव, आपली गल्ली, जागेवर बसून, बघून काढायची, एवढाच नियम. मुंबई-पुण्यातही लोक तसे जमतात. आपल्याला त्यासाठी कुठं जायला नको.

शेवटी सोसायटीपुढं एक सूचना ठेवते. या कार्यक्रमासाठी आपण पंचवीस वर्षांची इतिवृत्तं काढली. त्यात बोअरचा ठराव आहे, नालीचा आहे, दिव्यांचा आहे, सगळे सर्वानुमते मंजूर. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपली वसाहत दिसत कशी होती, ते त्यात कुठंच नाही. म्हणून अशी एक वही करावी. खुल्या जागेतल्या लिंबाखालून, एकाच ठिकाणी बसून, दर महिन्याला एका घरानं एक चित्र काढायचं. जमेल तसं. आजोबांनी काढा, नातीनं काढा. खाली तारीख, वेळ आणि सही. सुवर्णमहोत्सवापर्यंत तीनशे पानं होतील. तेव्हा आमच्यातले बरेच जण नसतील, पण त्या लिंबाला त्या त्या महिन्यात मोहोर होता की नव्हता, ते कळेल.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी लिंबाखाली बसणार आहे. वही-पेन्सिल आणा. ज्यांना अजिबात जमणार नाही असं वाटतं त्यांनी थर्मासमध्ये चहा आणावा. चहा संपेपर्यंत त्यांच्याही हातात पेन्सिल देऊ.